न उघडलेल्या इंजिनातला गाळ

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी मुलुंडला राहते, शाळेत शिकवते. आमची टर्बो पेट्रोल गाडी तीन वर्षं दोन महिन्यांची आहे, ४६,००० किलोमीटर झालेत. तेरा लाखांना घेतली, हप्ते अजून चालू आहेत. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी शोरूमच्याच सांगण्यावरून आणखी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली. गणपतीला गुहागरला निघालो होतो. माणगाव सोडल्यावर पहाटे ऑइलचा लाल दिवा लागला. हे म्हणाले, अंधारात कुठे थांबायचं, पुढच्या पंपावर बघू. तीनेक किलोमीटरवर टकटक आवाज सुरू झाला आणि गाडी बंद पडली ती पडलीच. गणपती एसटीने गाठले. गाडी फ्लॅटबेडवर भांडुपच्या सर्व्हिस सेंटरला आणली. बारा दिवसांनी त्यांचा फोन आला: इंजिन सीझ झालंय म्हणजे जाम झालंय, आत ऑइलचा गाळ आहे, तुमची तिसरी सर्व्हिस २,३०० किलोमीटर उशिरा झाली आणि मधे एकदा बाहेरच्या गॅरेजात ऑइल बदललंय, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही. नवीन इंजिनचं एस्टिमेट ३ लाख ८० हजार. इंजिन खोलून बघायचं असेल तर सही करा आणि २२ हजार आधी भरा. नाहीतर गाडी घेऊन जा, रोजचे ३०० रुपये पार्किंग लागेल. आमच्या गॅरेजवाल्याने ते ऑइल २५,००० ला बदललं होतं, त्याचं बिल नाही. तो म्हणतो, जुन्या तारखेचं बनवून देतो. काय करू? आणखी एक. तिथला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आमच्याच सोसायटीतला मुलगा आहे. त्याला त्रास होईल असं काही करायला जीव धजत नाही."

ताई, तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचली. एकात ते म्हणतात, आत गाळ आहे. दुसऱ्यात म्हणतात, खोलून बघायचं असेल तर २२ हजार भरा. म्हणजे इंजिन अजून खोललेलंच नाही. मग गाळ दिसला कुठून?

मी बावीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर म्हणून गॅरेजांतून हिंडलो. त्या अनुभवावरून सांगतो, फार तर त्यांनी ऑइल भरायचं झाकण उघडून आत बॅटरी मारली असेल, किंवा चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याचा, नट काढून ऑइल पाहिलं असेल. ते काळं दिसलं असेल. ६,००० किलोमीटर चाललेलं ऑइल काळंच असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर फेस असेल तर तो पावसाळ्यात, छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफेचा धरतो, त्याला गाळ म्हणत नाहीत. खरा गाळ म्हणजे ज्याला मिस्त्री लोक 'ऑइलची जेली झाली' म्हणतात, तो हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, कव्हरखाली आणि चेंबरच्या तळाशी, ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसलेला असतो. ती जाळी बघायला चेंबर उतरवावा लागतो. तो उतरवला नसेल तर त्यांचं कारण नुसता अंदाज आहे, आणि अंदाजावर पावणेचार लाखांचं बिल फाडता येत नाही.

आता तुमच्या सर्व्हिसचा हिशेब मांडू. २५,००० ला बाहेर ऑइल बदललं, तेही वेळापत्रकाच्या मधे, जादाचं. त्यानंतर ३२,३०० ला त्यांच्याकडे सर्व्हिस झाली, उशिरा का होईना. ४०,००० ला पुन्हा त्यांच्याकडेच झाली. (४०,००० च्या सर्व्हिसचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण सोबत पाठवलेल्या बिलांच्या फोटोत आहे. तो कागद जपा, तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार कागद तोच.) म्हणजे बाहेरच्या गॅरेजवाल्याचं ऑइल त्यानंतर दोनदा काढून टाकलं गेलं. आज त्या इंजिनात जे ऑइल आहे ते त्यांनी भरलेलं आहे, फिल्टर त्यांचा आहे, आणि ४०,००० च्या जॉबकार्डवर तपासणीच्या रकान्यात 'ओके' त्यांनीच लिहिलंय. त्या वेळी आत गाळ असता तर काढलेल्या ऑइलसोबत दिसला असता, आणि दिसला असता तर त्यांनी तुम्हाला सांगून 'इंजिन फ्लश'चे पैसे लावले असते. या धंद्यात फ्लश विकायची संधी कोणी सोडत नाही.

आणि वाढीव वॉरंटी तर त्यांनी उशिराच्या सर्व्हिसनंतर विकली. गाडीचा सगळा इतिहास त्यांच्या कॉम्प्युटरवर होता. तो इतिहास पैसे घेताना चालला आणि इंजिन द्यायच्या वेळी अडचणीचा झाला. ग्राहक आयोगापुढे जायची वेळ आली तर हा मुद्दा नेमका असाच मांडा.

बाहेरच्या ऑइलबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण या धमकीला लोक विनाकारण घाबरतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच दुकानात अडकवून ठेवल्याबद्दल. त्या आदेशात वॉरंटीबद्दलही लिहिलंय: गाडी बाहेरच्या मेकॅनिककडे नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट कंपन्यांनी घालू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. प्रकरण पुढे अपिलांत आणि उच्च न्यायालयात गेलं, त्यामुळे हा आदेश म्हणजे हुकमाचा पत्ता असं समजू नका. पण त्यातलं तत्त्व साधं आहे आणि ग्राहक आयोगातही तेच कामाला येतं. तुमची चूक असली तरी त्या चुकीमुळेच इंजिन गेलं, हा धागा कंपनीने जोडून दाखवला पाहिजे. '२,३०० किलोमीटर उशीर' ही नोंद झाली. त्या उशिरामुळे पुढे दोन वेळा ऑइल बदलल्यावर, १३,७०० किलोमीटरनंतर इंजिन कसं सीझ झालं, हे त्यांनी सांगायचं आहे.

म्हणून पहिलं काम हे: कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका, आणि इंजिन खोलू नका असंही म्हणू नका. इंजिन खोलायलाच हवं. फक्त तुमच्यासमोर, तुमच्या माणसासमोर. सीझ झालेलं इंजिन हा पुरावा आहे, आणि तो एकदाच उघडता येतो. मी असे कितीतरी दावे पाहिलेत ज्यात मालक आठवड्याने पोचला तेव्हा क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, एका कोपऱ्यात, तो ज्यांत फिरतो ती बेअरिंग दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीच्या डब्यात, आणि ऑइल कधीच पिंपात गेलेलं. मग सर्व्हिस सेंटरचा अहवाल हेच अंतिम सत्य.

ईमेल करा. सर्व्हिस सेंटरला, कंपनीच्या ग्राहक सेवेला, आणि वाढीव वॉरंटीच्या प्रमाणपत्रावर ज्याचं नाव असेल त्याला. हे तिसरं नाव नीट वाचा. पुष्कळदा वाढीव वॉरंटीमागे एखादी विमा कंपनी असते आणि शोरूम नुसता मधला असतो. ईमेलमध्ये लिहा की इंजिन खोलायला माझी हरकत नाही, पण तारीख आणि वेळ चार दिवस आधी कळवा, मी माझ्या तज्ज्ञासह हजर राहीन, तोवर इंजिनला हात लावू नये, गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, पुसू नयेत. खोलायचे २२ हजार हक्क राखून भरते, दोष इंजिनचा निघाला तर परत हवेत. आणि दावा नाकारल्याचं कारण, वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली, हे लेखी द्या. बारा दिवसांनी आलेला फोन हा नकार नव्हे, नकार कागदावर हवा. तो देताना त्यांना 'गाळ' हा शब्द लिहावा लागेल, आणि लिहिताना माणूस विचार करतो.

तज्ज्ञ म्हणजे तुमचा गॅरेजवाला नको. तो प्रामाणिक असला तरी त्याने स्वतः या इंजिनात ऑइल भरलंय, समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. परवानाधारक मोटार सर्व्हेअर घ्या किंवा स्वयंचलित वाहनांचं शिक्षण असलेला अभियंता. दिवसाचे पैसे घेईल, पण फोटोंसह सही-शिक्क्याचा अहवाल देईल.

त्या दिवशी काय बघायचं ते त्याला ठाऊक असेल, तरी तुम्हालाही माहीत असू द्या. आधी डिपस्टिकचा फोटो, मग ऑइल काढून मापात मोजायचं. लिटरचा आकडा जॉबकार्डवर. हा आकडा फार बोलतो. साडेतीन-चार लिटरच्या इंजिनातून साडेतीन निघालं तर ऑइल होतं, पोचलं नाही. लिटरभरच निघालं तर ते कुठेतरी गेलं, आणि कुठे गेलं हा वेगळा तपास. त्यातलं पाव लिटर दोन स्वच्छ बाटल्यांत, सील करून दोघांच्या सह्या, एक तुमच्याकडे. फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडायच्या, आत चकाकी आहे का बघायचं. मग चेंबर, मग जाळी, मग बेअरिंग.

बेअरिंग वाचता येतात, ताई, हातावरच्या रेषांपेक्षा कितीतरी चांगली. ऑइल संपून किंवा जाळी तुंबून इंजिन गेलं असेल तर सगळीच बेअरिंग कमी-जास्त काळी-निळी पडतात, वरच्या कॅमशाफ्टच्या जागांवरही ओरखडे येतात, कारण तिथे ऑइल सगळ्यात शेवटी पोचतं. पण तीन बेअरिंग धडधाकट आणि एकच पार घासून चिकटलेलं, जाळी स्वच्छ, कव्हरखाली धातू नेहमीच्या रंगाचा, असं निघालं तर गाळाची गोष्ट तिथेच संपली. मग प्रश्न त्या एका जागेचा: तिथलं ऑइलचं भोक बुजलं होतं का, कारखान्यात क्रँक घासून घडवताना निघालेला कीस आत राहिला होता का, बेअरिंग मापात होतं का. पाणी शिरून गेलेल्या इंजिनात पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकलेला मिळतो आणि एअर फिल्टरवर पाण्याचा डाग. उकळून गेलेल्यात हेड वाकतं. प्रत्येक मरणाची खूण वेगळी.

कीस राहणं ही मी मनाने रचलेली शक्यता नाही. अमेरिकेत ह्युंदाईने २०१५ साली सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या, २०११ आणि २०१२ सालच्या मॉडेलच्या. कारखान्यात क्रँकशाफ्ट घडवताना राहिलेला धातूचा कीस ऑइलची वाट अडवत होता, रॉडचं बेअरिंग जात होतं आणि इंजिन हायवेवर बंद पडत होतं. रिकॉल वेळेवर केले नाहीत म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाच्या करारावर सह्या कराव्या लागल्या. टोयोटाने मे २०२४ मध्ये टुंड्रा पिकअप आणि लेक्ससच्या एका मॉडेलच्या मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या बोलावल्या, कारण तेच, इंजिनात राहिलेला कीस. ती इंजिनं तुमच्या गाडीत नाहीत आणि हे दाखले आयोगात पुरावा म्हणून चालणारही नाहीत. पण 'इतक्या लवकर गेलं म्हणजे मालकानेच काहीतरी केलं असणार' हे वाक्य काउंटरवर कोणी ऐकवलं, तर ते किती पोकळ आहे हे तुम्हाला माहीत असावं.

आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलंय. एकाच दोषाच्या पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवायला दहा मिनिटं लागतात, नोंदवून टाका. त्याने तुमचं इंजिन येणार नाही. पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आता कडू भाग. तो लाल दिवा.

तो ऑइल कमी झाल्याचा दिवा नसतो, ऑइलचा दाब गेल्याचा असतो. पिवळा लागला तर पंपापर्यंत जाता येतं. लाल लागला की अंधार असो, घाट असो, पाऊस असो, बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, कारण बेअरिंगवरचा ऑइलचा पापुद्र्याएवढा थर गेला की धातूवर धातू घासतो, आणि त्याला तीन किलोमीटर लागत नाहीत. सर्व्हिस सेंटरने हे अजून काढलेलं नाही, पण काढणार. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये दिवा कधी लागला, त्यानंतर इंजिन किती फिरलं, हे बहुधा नोंदलेलं असेल. त्यामुळे 'दिवा लागताच थांबलो' असं कुठेही लिहू नका. जे झालं तेच लिहा. तुमचं उत्तर असं की दाब आधी गेला, दिवा नंतर लागला. आम्ही तीन किलोमीटर चालवली नसती तर नुकसान कदाचित कमी झालं असतं, पण तीन वर्षांच्या गाडीत दाब गेला कशाने, ते सांगा. यात तुमच्या वाट्याला थोडा दोष येऊ शकतो, आणि शेवटी जो आकडा ठरेल त्यात तो दिसेल. ह्यांना मात्र पुन्हा पुन्हा ऐकवू नका, पहाटे चारला माणगावच्या पुढे अंधारात थांबायचं नाही असं वाटणारे ते एकटेच नाहीत.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरचे दोन महिने मी रोज पाण्यातून निघालेल्या गाड्या तपासत होतो. बहुतेक इंजिनं पाण्याने गेली नव्हती. पाणी ओसरल्यावर मालकाने 'बघू या चालू होते का' म्हणून चावी फिरवली, तेव्हा गेली. मी त्यांतले बरेच दावे नाकारले आणि आजही मला ते बरोबर वाटतात. हे सांगायचं कारण एवढंच की कंपनी नेहमी चोर आणि मालक नेहमी साव, असं मानणाऱ्यांतला मी नाही. तुमच्या प्रकरणात मात्र कारण शोधायच्या आधीच निकाल दिलाय.

चेंबर उतरवण्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन खालून फोटो काढा. मुंबई-गोवा रस्त्यावर चेंबरला दगड किंवा खड्ड्याचा काठ लागणं ही काही नवलाची गोष्ट नाही. तिथे ताजा पोचा, चीर किंवा ओलावा सापडला तर गोष्ट वॉरंटीची राहत नाही, विम्याची होते. त्यासाठी विमा कंपनीला आजच ईमेलने कळवून ठेवा, नंतर 'उशिरा कळवलं' हे निमित्त नको. पॉलिसीत इंजिन संरक्षणाचं जोड कलम आहे का बघा. ते नसेल तर साध्या पॉलिसीत फुटलेल्या चेंबरचे पैसे मिळतात, त्यामागून सीझ झालेल्या इंजिनचे मिळवणं कठीण. आणि चेंबर ठणठणीत असेल तर तोही फोटो हवाच, म्हणजे उद्या 'खालून मार लागलाय' अशी नवी गोष्ट निघणार नाही.

जुन्या तारखेचं बिल अजिबात नको. गॅरेजवाल्याचा हेतू चांगला असेल, पण बिलबुकाचे क्रमांक, जीएसटी, शाईसुद्धा तपासली जाते, आणि एक खोटा कागद निघाला की बाकीच्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी त्याच्याकडून आजच्या तारखेचं पत्र घ्या: अमुक महिन्यात या नंबरच्या गाडीत अमुक कंपनीचं, अमुक ग्रेडचं ऑइल बदललं. सोबत त्या दिवसाचा तुमचा यूपीआयचा व्यवहार. ग्रेड महत्त्वाचा. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलं असताना त्याने जाड २०डब्ल्यू-५० ओतलं असेल तर आताच कळू दे.

आणखी एक जोखीम सांगून ठेवतो. पुस्तिकेच्या मागच्या पानांत 'खडतर वापर' असा वेगळा तक्ता असतो: सतत थांबत-चालत, धुळीत, छोट्या अंतरासाठी वापर असेल तर ऑइल लवकर बदला. मुंबईची प्रत्येक गाडी त्यात बसते. मुंबईच्या एलबीएस रोडवर ताशी १५ च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन सुमारे ६६७ तास फिरलं. तेच हायवेवर ६० ने सुमारे १६७ तासांत होतं. कंपनीचा वकील हे पान उघडेल. तेव्हा तुम्ही काचेवरचा स्टिकर दाखवायचा, ज्यावर त्यांच्याच माणसाने 'पुढील सर्व्हिस ५०,०००' लिहिलंय. मुलुंडची गाडी मुंबईत चालते हे भांडुपच्या सर्व्हिस सेंटरला माहीत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. तो स्टिकर अजून असेल तर आजच फोटो काढा, गाडी धुताना ते काढून टाकतात.

तपासणीनंतर काय होईल? कारण तुमच्या बाजूचं निघालं तर बहुधा 'गुडविल'चा फोन येईल. म्हणजे कंपनी चूक मान्य न करता सुट्या भागांचा काही टक्के भार उचलते, मजुरी तुमची. पहिला आकडा तीस-चाळीस टक्के असतो. तो मान्य करू नका. माझं विचाराल तर तुमच्या लाल दिव्याची बाजू धरून, एकूण बिलाच्या सत्तर टक्क्यांवर आले तर घ्यावं आणि मोकळं व्हावं. भागांच्या नव्हे, बिलाच्या. आणि नव्या इंजिनवर वॉरंटी किती, ते लेखी घेतल्याशिवाय 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर सही नाही.

नाहीच आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुष्कळ कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला वेगळा माणूस देतात, त्याने कधी कधी तिढा सुटतो. विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करतेय, तिथे कागद घेऊन जा, तक्रार कशी मांडायची ते समजावतील. त्यापुढे ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, म्हणजे तुमचं बांद्रा पूर्वेचं, उपनगर जिल्ह्याचं. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगात चालते. तुमच्या तेरा लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. ऑनलाइनही दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात लिहिलंय. बांद्र्यात तारखा घेणाऱ्या कोणाला हे सांगून बघा, हसतील. दोन-तीन वर्षं धरून चाला.

तिथे एक चूक करू नका: नवी गाडी किंवा पूर्ण पैसे परत मागायची. राग असतो, वकीलही मोठा आकडा लिहितात. पण २००६ साली मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तुम्ही इंजिन मागा, गाडी नव्हती त्या काळातला खर्च मागा, पार्किंग माफ मागा, मनस्तापाचे माफक पैसे मागा. आणि शोरूम, कंपनी, वाढीव वॉरंटीवाले अशा तिघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि २०२१ च्या गोव्यातल्या एका खटल्यात तर विक्रेत्याच्या कृत्यासाठी उत्पादकाला जबाबदार धरायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिलाय. निर्मितीतला दोष आहे हे मात्र तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. आयोगाकडे योग्य प्रयोगशाळेत तपासणीची मागणी करता येते, तिची फी आधी तुमच्याकडून घेतात. सील केलेली बाटली आणि बेअरिंग त्या दिवशी लागतील.

तोवर दोन वर्षं गाडीवाचून राहायचं का? नाही. तज्ज्ञाचा अहवाल हातात आला की हक्क राखून पैसे भरा, दुरुस्त करून घ्या, आणि जुने भाग परत मागा. पैसे तुम्ही दिले की ते भाग तुमचे. क्रँक, रॉड, बेअरिंग, ऑइल पंप, सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर. कुर्ल्याला जुनं इंजिन निम्म्याहून कमी पैशांत मिळेल असं कोणीतरी सांगेलच. मिळतं, पण आधीच्या गाडीचे कागद आणि इंजिन नंबर तपासल्याशिवाय नको, आणि नंबर बदलला की वडाळ्याच्या आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. वॉरंटीचा दावा चालू असताना मी तो रस्ता घेणार नाही.

राहिला तुमच्या सोसायटीतला मुलगा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या हातात काही नसतं. वॉरंटी मंजूर करायची की नाही हे वर्क्स मॅनेजर आणि कंपनीचा विभागीय माणूस ठरवतात, तो फक्त फोन करतो आणि शिव्या खातो. तुमचा ईमेल गेला तर त्याला उलट बरंच पडेल, कारण तोंडी काय सांगितलं याची जबाबदारी त्याच्या अंगावरून उतरेल. ईमेलमध्ये त्याचं नाव घालू नका, 'आपल्या केंद्रातून फोनवर कळवण्यात आलं' एवढंच लिहा. पाठवण्याआधी त्याला लिफ्टमध्ये गाठून सांगा की उद्या ईमेल करतेय, तुझ्यावर राग नाही. आणि जमलंच तर हळूच विचारा, इंजिन खरंच अजून खोललेलं नाही ना?